युरिक ॲसिड वाढलं म्हणून आईची डाळ बंद केली, वर्षभरात मनगट मोडलं

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. ती सांगलीला असते, वय ६३. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उचलताना पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. उभ्याउभ्या पडली, बस्स. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितल्या बघितल्या डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायला सांगितलं. मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.९ आलाय, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत.

धागा काढायचं कारण त्याआधीच्या वर्षातलं आहे. मागच्या मार्चमध्ये सगळ्या रक्ततपासण्यांचं एक पॅकेज केलं होतं. त्यात युरिक ॲसिड ७.१, रिपोर्टवर ठळक अक्षरांत. आईची टाच आधीपासून दुखायची, ती यामुळेच असं आम्ही घरातल्या घरात ठरवून टाकलं. मोबाईलवर फिरणारी एक यादी मी स्वतः छापून फ्रिजला लावली: तूरडाळ नको, उसळी नकोत, पालक नको, टोमॅटो नको, दूध-दही नको. आई शिस्तीची आहे. तिने खरोखर सगळं सोडलं. भाकरी, दुधी, दोडका, साधा भात. वर्षात सहा किलो वजन उतरलं आणि आम्ही तिचं कौतुक करत राहिलो.

आता वाचायला बसले तर एका ठिकाणी लिहिलंय युरिक ॲसिड हाडं पोखरतं, दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय की ज्यांचं युरिक ॲसिड जास्त त्यांची हाडं भक्कम. दोन्हीकडे डॉक्टरांचेच हवाले. आईचं हाड युरिक ॲसिडने ठिसूळ झालं का? की त्या यादीने? इथे या क्षेत्रातले लोक आहेत म्हणून विचारतेय. रात्री झोप लागत नाही.

वऱ्हाडी_मावशी

पोरी, आधी स्वतःला दोष देणं थांबव. तू काळजीपोटी केलंस. आमच्या अकोल्यात तर घरोघरी हेच आहे, टाच दुखली की युरिक ॲसिड, गुडघा दुखला की युरिक ॲसिड. जाणकारांच्या उत्तराची मीही वाट बघतेय, माझंही ६.६ आहे.

संधिवात_ओपीडी

ताई, मी संधिवाताचे रुग्ण बघतो. तपासल्याशिवाय आईंच्या उपचाराबद्दल बोलणार नाही, पण तुमचा गोंधळ मिटवायचा प्रयत्न करतो.

टाचेपासून सुरुवात करू. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना टाच ठणकते आणि चालल्यावर सैल होते, असं असेल तर बहुतेक वेळा तो तळपायाच्या पट्ट्याचा त्रास असतो. युरिक ॲसिडचा त्याच्याशी संबंध नसतो. युरिक ॲसिडचं दुखणं, म्हणजे गाऊट, वेगळंच असतं. रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद होतो, सुजतो, वरची चादरसुद्धा सहन होत नाही, आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतं. ज्याने एकदा भोगलंय तो विसरत नाही.

आता आकडा. पेशींच्या केंद्रकात असतात ती प्युरीन नावाची द्रव्यं मोडली की शेवटी युरिक ॲसिड उरतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते आणखी मोडणारं एक विकर असतं, युरिकेज. माणसात आणि मोठ्या वानरांत ते उत्क्रांतीच्या ओघात निकामी झालं, म्हणून आपल्या रक्तात हा आकडा मुळातच जास्त असतो. सुमारे दोन तृतीयांश लघवीवाटे जातं, उरलेलं आतड्यातून. शरीराच्या तापमानाला रक्तात डेसिलीटरमागे ६.८ मिलीग्रॅमपर्यंत ते विरघळून राहू शकतं. त्यापुढे सुईसारखे स्फटिक बनायची शक्यता तयार होते, आणि पायाचा अंगठा शरीरात सगळ्यात थंड राहणाऱ्या भागांपैकी, म्हणून बऱ्याचदा पहिला फटका तिथे. पण शक्यता म्हणजे आजार नव्हे. सात-आठ आकडा असलेले कितीतरी लोक आयुष्यभर गाऊटशिवाय राहतात. म्हणूनच अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की फक्त आकडा वाढलेला आहे, गाऊटचा झटका कधी आलेला नाही, युरिक ॲसिड साचून झालेल्या गाठी नाहीत, तर युरिक ॲसिडचं औषध सुरू करू नये.

आणखी एक गोष्ट बायकांनी लक्षात ठेवावी. इस्ट्रोजेन किडनीला युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. पाळी गेली की ती मदत जाते आणि आकडा चढतो. तेच इस्ट्रोजेन हाडांचीही राखण करत असतं, तेही जातं आणि हाडांची झीज वेगाने सुरू होते. म्हणजे पन्नाशीनंतर एकाच बाईच्या एका रिपोर्टवर युरिक ॲसिड वर आणि दुसऱ्यावर हाडांची घनता खाली दिसणार. दोन्हींचं मूळ एक, म्हणून एकाने दुसरं घडवलं असं वाटतं.

नाखवा_रेवदंडा

डॉक्टर, मग युरिक ॲसिड हाड पोखरतं हे खोटं का? माझ्या वडिलांच्या पायाचा एक्स-रे मी डोळ्यांनी पाहिलाय. अंगठ्याच्या हाडाला उंदराने कुरतडल्यासारखी खाच होती.

सगळंच सांगतो. बाबांना पस्तिशीपासून गाऊट. घरात मासळी रोजची, तारली, बांगडा, वाटीभर सुकट, संध्याकाळी बीअर. झटका आला की दुखण्याची गोळी, गेला की विसरले. पन्नाशीला कोपरावर, कानाच्या पाळीवर गाठी आल्या, फुटल्या की खडूसारखं पांढरं बाहेर यायचं. मग कुणीतरी एका गावातल्या माणसाचं नाव सांगितलं, तो पुड्या द्यायचा. पहिल्याच पुडीला दुखणं गायब. बाबा त्याला देव मानायचे. सहा वर्षं घेतल्या त्या पुड्या. चेहरा गोल झाला, दंडावरची कातडी कागदासारखी पातळ झाली, साखर वाढली. मागच्या गणपतीत मखराच्या पायरीवरून पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर म्हणाले हाड पार पोकळ झालंय, पुड्यांत स्टिरॉईड असणार. आता वॉकर घेऊन चालतात. होडीवर गेलेला माणूस घरात बसलाय, हे बघवत नाही.

संधिवात_ओपीडी

नाखवा, वाचून वाईट वाटलं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत दोन वेगवेगळी नुकसानं झाली आहेत आणि ती वेगळी ओळखणं गरजेचं आहे.

ती खाच खरी. पण रक्तातलं विरघळलेलं युरिक ॲसिड खाच पाडत नाही, साचलेले स्फटिक पाडतात. स्फटिक दिसले की शरीरातल्या संरक्षक पेशी त्यांना गिळायला धावतात आणि इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचा दाह पेटवणारा रेणू सोडतात. गाठ हाडाला जिथे टेकते तिथे हाड खाणाऱ्या पेशी गोळा होतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. एक्स-रेवर पंचने पाडल्यासारखं भोक आणि वर उचललेला काठ दिसतो, बघणाऱ्याला लगेच ओळखू येतो. हे त्या जागेपुरतं असतं. अंगठ्यात खाच आहे म्हणून मणका ठिसूळ झाला असं होत नाही.

खुबा मोडला तो बहुधा स्टिरॉईडने. स्टिरॉईड सगळ्या सांगाड्यावर परिणाम करतं, आणि पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच हाड वेगाने उतरायला लागतं. योग्य डॉक्टर गाऊटच्या झटक्यात पाच-सात दिवस स्टिरॉईड देतात, ते वेगळं. सहा वर्षं बेहिशेबी देणं हा गुन्हा आहे. पण वाचणाऱ्यांनी कृपया एक लक्षात ठेवा: बरेच महिने अशा पुड्या घेत असाल तर एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टिरॉईड बनवणं थांबवलेलं असतं, रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरांना खरं सांगा आणि हळूहळू उतरवा.

याचं दुःख जास्त यासाठी होतं, की गाऊटवर ॲलोप्युरिनॉलसारखं स्वस्त औषध १९६६ पासून उपलब्ध आहे. शंभर किंवा त्याहून कमी मिलीग्रॅमने सुरू करून आकडा सहाच्या खाली येईपर्यंत वाढवायचं, सुरुवातीचे तीन ते सहा महिने झटके टाळायला कोल्चिसिनचा छोटा डोस. आकडा खाली ठेवला की गाठीसुद्धा विरघळतात. सुरुवातीला अंगावर पुरळ उठलं तर मात्र त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना गाठायचं.

सिडनीकर

कृष्णाकाठ यांनी ‘हाडं भक्कम’ असं जे वाचलं, त्यातला एक मोठा अभ्यास आमच्या इथला आहे. सिडनीच्या काँकर्ड भागात सत्तरी ओलांडलेल्या १७०५ पुरुषांचा माग ठेवणारा एक प्रकल्प आहे, त्यावर २०११ मध्ये निबंध आला. युरिक ॲसिड जास्त असलेल्या पुरुषांची हाडं जास्त घन होती आणि फ्रॅक्चरही कमी. पुढे कोरियातूनही तसंच दिसलं. मी याच क्षेत्राच्या कडेला काम करते, म्हणून सांगते की हे निष्कर्ष नीट केलेले आहेत. तर्कही आहे: रक्ताच्या ऑक्सिडीकरण रोखायच्या ताकदीत युरिक ॲसिडचा वाटा मोठा आहे, आणि ऑक्सिडीकरणाच्या ताणाने हाड बांधणाऱ्या पेशी मरतात. माझ्या आईला, ती पुण्यात असते, मी दोन वर्षं सांगत होते की ६.४ ची चिंता करू नकोस, चांगलंच आहे.

आकडेमोड

सिडनीकर, अभ्यास नीट आहेत हे मान्य, पण ‘चांगलंच आहे’ पर्यंत जाता येत नाही. यावर मी बराच वेळ घालवलाय, सविस्तर लिहितो.

युरिक ॲसिड जास्त कुणाचं असतं? वजनदार माणसाचं, स्नायू चांगले असलेल्याचं, पोटभर प्रथिनं खाणाऱ्याचं. हाडं भक्कम कुणाची? त्याच माणसाची, कारण हाड भाराने घट्ट होतं. उलट, खंगलेल्या, कमी खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं दोन्ही कमी. अभ्यासक वजनाचा परिणाम गणिताने वजा करतात, पण अन्न, व्यायाम, आजारपण हे सगळं पूर्ण वजा होत नाही. त्यात रक्तदाबाच्या थायाझाइड गटातल्या लघवीच्या गोळ्या. त्या युरिक ॲसिड वाढवतात, आणि लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवून हाडाला थोडा फायदाही करतात. गोळी घेणाऱ्याचे दोन्ही आकडे एकदम वर, आणि श्रेय जातं युरिक ॲसिडला.

यातून बाहेर पडायची एक सुंदर युक्ती आहे. काही लोकांना जन्मतःच असे जनुकीय बदल मिळतात की युरिक ॲसिड आयुष्यभर थोडं जास्त राहतं. हे वाटप चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं, त्याचा वजनाशी, आहाराशी, गोळ्यांशी संबंध नाही. युरिक ॲसिड खरंच हाड राखत असेल तर या लोकांची हाडं घन दिसायला हवीत. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या लोकांवर हे तपासलं गेलं, २०१५ मध्ये. साध्या मोजणीत नातं दिसलं, जनुकांच्या मोजणीत ते उरलं नाही. चीनमधल्या वयस्क स्त्री-पुरुषांवरही पुढच्या वर्षी तेच उत्तर आलं.

फार जास्त असण्याचं काय? अमेरिकेतल्या वृद्धांच्या हृदयरोग अभ्यासात पुरुषांमध्ये इंग्रजी यू अक्षरासारखी रेषा दिसली: खूप कमी आणि खूप जास्त, दोन्ही टोकांना खुब्याचं फ्रॅक्चर जास्त. स्त्रियांत तसं नाही. तिथल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात, २०१७ मध्ये, गाऊट झालेल्या बायकांत खुब्याचं फ्रॅक्चर काहीसं जास्त दिसलं, मनगटाचं नाही. त्यात किडनी, दाह, स्टिरॉईड, दुखऱ्या पायामुळे तोल जाणं, किती काय मिसळलेलं असेल. म्हणून माझं मत असं, की युरिक ॲसिडचा आकडा बघून हाडाबद्दल कुठल्याही बाजूने काहीही ठरवू नये. हाडाचं कळायला डेक्सा आहे.

सिडनीकर

पटलं. जनुकांवरचे निबंध मी वाचले नव्हते, काल रात्री काढून वाचले. आईला आज फोन करून सांगितलं की ६.४ वर खूशही होऊ नको आणि घाबरूही नको, डेक्सा कर.

आंबाडी

आहारतज्ज्ञ आहे, नाशिक. त्या फ्रिजवरच्या यादीबद्दल मला बोलायचंय, कारण माझ्याकडे महिन्याला दहा-बारा बायका तशीच यादी घेऊन येतात आणि प्रत्येकीची वाटी रिकामी झालेली असते.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या ४७,१५० पुरुषांचा बारा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यात ७३० जणांना नव्याने गाऊट झाला. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत धोका जास्त. प्युरीन असलेल्या भाज्या आणि डाळींचा गाऊटशी संबंध दिसला नाही. आणि दूध-दुभतं घेणाऱ्यांत गाऊट कमी! म्हणजे त्या यादीने नेमकं जे आधार देतं तेच काढून घेतलं. दुधातली प्रथिनं किडनीला युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतात आणि वर हाडाला कॅल्शियम मिळतं. साय काढलेलं दूध, त्याचं दही, पातळ ताक, निर्धास्त घ्या.

मग जपायचं कशाला? कलेजी, वजडी, भेजा. तारली, बांगडा, मांदेली, सुकट, जवळा, तेही गाऊट असलेल्यांनी. दारू, त्यातही बीअर. आणि जे कुणाच्या यादीत नसतं ते गोड: कोल्ड्रिंक, डब्यातले रस, उन्हाळ्यात रोजचा मोठा ग्लास उसाचा रस. साखरेतलं फ्रुक्टोज यकृतात मोडताना युरिक ॲसिड तयार होतं. कडक उपवासही. निर्जळी एकादशीला शरीरात कीटोन वाढतात, ते किडनीच्या दारात युरिक ॲसिडची वाट अडवतात, त्यात पाणी नाही. नवरात्रात गाऊटचा झटका घेऊन येणारे पेशंट मी दर वर्षी बघते. आणि हेही ऐका, आहार कितीही कडक केला तरी आकडा साधारण एकानेच उतरतो, कारण बरंचसं युरिक ॲसिड आपल्याच पेशींतून येतं.

आता हाड. हाड म्हणजे नुसता चुना नाही, आत प्रथिनांची जाळी असते, त्यावर कॅल्शियम बसतं. साठीनंतर डाळ आणि दूध एकाच वेळी तोडलं आणि सहा किलो गेले, तर त्यात चरबीबरोबर मांडीचे स्नायूही गेले. पाय घसरल्यावर सावरतात ते स्नायूच. आईंना हे द्या: दोन्ही वेळा घट्ट वरण, एक वाटी उसळ, दोन वेळा दही-दूध, नाचणीची भाकरी किंवा आंबील (शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम), तिळाची चटणी चमचाभर. माठ, शेपू, शेवग्याचा पाला. पालक आठवड्यातून दोनदा चालेल, फक्त त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटने बांधलेलं असतं, तेव्हा कॅल्शियमसाठी त्यावर विसंबू नका. किडनीचा आजार असेल तर हे प्रमाण बदलेल, त्यासाठी क्रिएटिनिन बघून मगच.

वऱ्हाडी_मावशी

दोन वर्षांनी आज वरणभात पोटभर खाल्ला. वरून तूप.

गुळवेल_प्रेमी

आयुर्वेदात याला वातरक्त म्हणतात आणि गुळवेल त्यावर सांगितलेली आहे. आम्ही रोज अंगणातल्या वेलीचा काढा घेतो. आईंना तोही सुरू करायला हरकत नसावी.

संधिवात_ओपीडी

वातरक्ताचं वर्णन गाऊटशी पुष्कळ जुळतं, त्या वैद्यांचं निरीक्षण बारीक होतं. पण आईंना गाऊट नाही, तेव्हा औषध कशासाठी? शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेपही घेतला होता. घ्यायचीच असेल तर वैद्यांच्या देखरेखीखाली आणि यकृताची तपासणी करत घ्या. हाडासाठी तिचा उपयोग नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला घेऊन मोठ्या तपासणीला गेलो होतो, काय झालं ते सांगते.

आकडेमोड यांनी लिहिलेली ती लघवीची गोळी, ती आईच्या रक्तदाबाच्या गोळीतच मिसळलेली निघाली! सात वर्षं घेतेय. पॅकेजच्या रिपोर्टवर कुणी हे विचारलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले युरिक ॲसिड वाढायला तीच एक कारण असणार, पण रक्तदाब छान आटोक्यात आहे, गाऊट नाही, म्हणून गोळी बदलायची नाही.

डी जीवनसत्त्व फक्त ११ आलं. सांगलीच्या उन्हात राहणाऱ्या बाईचं! पण आई सकाळी दहाच्या आत बाहेरची कामं आटपते, अंगभर पदर, मग दिवसभर घरात. थायरॉईड, पॅराथायरॉईड, क्रिएटिनिन नॉर्मल आहे. टाच बघून डॉक्टरांनी संधिवात_ओपीडी यांनी सांगितलं तेच सांगितलं, मऊ तळाची चप्पल आणि पिंढरीचे ताण दिलेत. डी चं साठ हजार युनिटचं पाकीट आठवड्याला एक, आठ आठवडे. त्यांनी तीनतीनदा बजावलं की रोज नाही, कारण रोज घेऊन उलट्या आणि किडनी बिघडून आलेले लोक त्यांनी पाहिलेत. नंतर हाडाचं औषध, ॲलेन्ड्रोनेट, आठवड्यातून एकदा.

फ्रिजवरची यादी आईने स्वतः काढली. तिने मला एकच विचारलं, “मग वर्षभर मी उगाच आमटी सोडली का गं?” मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी मी आमटी केली, चिंच-गूळ घालून, आणि डाव्या हाताने ती दोन वाट्या जेवली.

आंबाडी, ॲलेन्ड्रोनेट उपाशीपोटी घ्यायचं म्हणालेत. आईला उठल्या उठल्या चहा लागतो, आणि चहा दुधाचा. किती वेळ थांबायचं?

आंबाडी

कमीत कमी अर्धा तास. साध्या पाण्याचा पूर्ण पेला भरून त्याबरोबर गोळी, आणि तो अर्धा तास बसून किंवा उभं राहून, अजिबात आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी, काहीही आधी गेलं तर औषध शोषलंच जात नाही. माझ्या पेशंट बायका रविवार ठरवतात. उठल्यावर गोळी, मग अंगणात शेजारणीशी गप्पा, मग चहा. कॅल्शियम दुपारी जेवणाबरोबर. आणि सुरू करण्याआधी एकदा दात दाखवून घ्या, काढायचा असलेला दात आधी काढलेला बरा.

कृष्णाकाठ

रविवार ठरला. दाताच्या डॉक्टरांची वेळ मंगळवारची घेतलीये. हात प्लास्टरमधून निघाला की इथे कळवते.